मंडळ राजकारणात पडत नाही

भाऊसाहेबांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला. कोपऱ्याला. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा. मग तो नाकाजवळ नेला, तोंड वाकडं केलं आणि जमलेल्या सभासदांना म्हणाले, "सोडणांचो वास येता रे ह्येका."

सगळे हसले. आत बाकांवर बसलेले हसले, ते ठीक. पण पडवीत माझ्या शेजारी बसलेले, माझ्याच वाडीतले दोघे, तेही हसले.

वास येत असणारच. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवायची, बडवून काथ्या काढायचा, त्याचं सुंभ वळून विकायचं, हा माझा धंदा. बाप माडावर चढून माडी काढायचा. दारूबंदी आली आणि बापाची कोयती खुंटीला लागली. मी शाळा सोडली, लोकांनी फेकलेली सोडणं गोळा करायला लागलो. आज कट्टा गावच्या बाजारात माझ्या सुंभाला मी सांगेन तो भाव मिळतो. व्यापारी म्हणतात, ह्या माणसाशी घासाघीस करणं म्हणजे जेवायची वेळ टळणं.

गावाच्या मंडळाचा मी सभासद. मंडळ म्हणजे वाचनालय, पुढे अंगण, भिंतीवर नोंदणी क्रमांकाची पाटी. छपरावरची निम्मी कौलं मी दिलेली. तरी सभेला वरच्या वाडीने आत बाकांवर बसायचं आणि आम्ही खालच्या वाडीने पडवीत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची त्यांना गरज पडली नव्हती.

अर्ज बांधाचा होता. खाडीचा बांध दोन जागी फुटला होता. भरतीचं पाणी आमच्या मळ्यात येऊन बसायचं. त्या साली भात करपून गेलं, विहीर मचूळ झाली. बायका वरच्या वाडीच्या चढणीने डोक्यावरून पाणी आणत आणि दर खेपेला कुणाचं तरी बोलणं खात. अंगठे उठवलेले दोन अर्ज आम्ही कलेक्टर कचेरीला पाठवले होते. उत्तर नाही. तलाठी म्हणाला, नोंदलेल्या संस्थेच्या कागदावर अर्ज गेला तर चौकशी लागते. म्हणून मी मंडळाकडे गेलो होतो. भीक मागायला नाही. सभासद म्हणून.

भाऊसाहेब मंडळाचे अध्यक्ष. मुंबईच्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेले. हसणं ओसरल्यावर त्यांनी आवाज बदलला. त्यांची शिवी आणि लाडीगोडी मालवणीत असे, कायदा मात्र शुद्ध मराठीत.

"हे नोंदणीकृत मंडळ आहे. सरकारकडे मागण्या करणं, अधिकाऱ्यांवर दडपण आणणं, याला राजकारण म्हणतात. मंडळ राजकारणात पडत नाही. तसं केलं तर आपली नोंदणी रद्द होईल. मास्तर, लिहा. अर्ज नियमबाह्य."

मास्तर म्हणजे चिटणीस. त्यांनी मान खाली घालून लिहिलं. अर्ज माझ्याकडे परत आला तो हातात नाही. उंबऱ्याबाहेर, जमिनीवर.

मी तो उचलला. वाकून. आणि घरी गेलो.

हे मला अजून गिळता येत नाही. त्यांनी फेकला त्याचं कमी, मी ऐकून घेतलं त्याचं जास्त. बाजारात मी दुसऱ्याच्या सुंभाची गुंडी उलगडून बघितल्याशिवाय घेत नाही. मीठ चाखून घेतो. माडाचा वासा ठोकून घेतो. आणि नियम? नियम मी न बघता घेतला. त्यांनी सांगितला त्या भावाने. शिवाय आमच्या वाडीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "कायद्यात बसना नाय." जाणत्यासारखं सांगितलं. भाऊसाहेबांचा निरोप मीच घरोघर पोचवला.

दोन-अडीच महिन्यांनी निवडणूक आली. महाराष्ट्र झाला त्यानंतरची पहिली. माघात मंडळाचा वार्षिक समारंभ होता. अंगणात मांडव, दारात केळीचे खुंट. आणि व्यासपीठावर, भाऊसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत, उमेदवार. पांढरे कपडे, गळ्यात मंडळाचा हार. त्यांच्या पक्षाचं चिन्ह मांडवाच्या खांबाखांबावर. आम्ही अंगणात, उन्हात.

आमच्याकडे कुठलंही शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मानकऱ्याने देवाला मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होय म्हणायचं. मागणारा ठरलेला. होय म्हणणारेही ठरलेले. भाऊसाहेबांचा चुलतभाऊ गावचा मानकरी. तो नारळ घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मंडळाच्या आंगणात तुझी लेकरां जमली आसत!"

"होय म्हाराजा!"

"ह्यो जो साहेब तुझ्या पायाकडे इलो हा, त्येका भरभरून मतां पडांदेत! जो कोण त्येच्या आड येयत त्येचो पाय मागे खेच, नि त्येका निवडून हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

अंगण दणाणलं. त्यात माझा आवाज होता. माझं तोंड माझ्याआधी बोलून गेलं. मळ्यात खारं पाणी, विहीर मचूळ, आणि मी उन्हात उभा राहून होय म्हाराजा म्हणत होतो. मांडवामागे जाऊन मी ओकलो.

परत आलो तेव्हा प्रसाद वाटत होते. भाऊसाहेब उमेदवाराला वाचनालयाची कपाटं दाखवत होते. मी उंबऱ्यापाशी गेलो.

"भाऊसाहेब, मंडळ राजकारणात पडना नाय मां?"

त्यांना लगेच कळलं. हुशार माणूस.

"ता गाऱ्हाणा, मेल्या. देवाक घातलेला. देव खंयच्या पक्षाचो रे?"

पुन्हा सगळे हसले. उमेदवारही. तेवढ्यात माझ्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा पडला. मी तो खाल्ला नाही. खिशात टाकला आणि वाटेत कावळ्यांना घातला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे मंडळाची नियमावली मागितली. म्हणाले, कपाटाला कुलूप. किल्ली? भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब? मालवणात, प्रचाराला. मास्तर हे बोलले आणि स्वतःच गोरेमोरे झाले. मग हळूच म्हणाले, "नोंदणी केली तिथे एक प्रत असते. सभासदाला नक्कल मिळते. माझं नाव सांगू नकोस."

गेलो. कट्ट्याहून पहाटेची एसटी, पुढे दोन गाड्या बदलून, संस्थांची दफ्तरं असलेल्या सरकारी कचेरीत. कारकुनाने अर्ज लिहायला लावला, तिकीट लावायला लावलं, दुसऱ्या दिवशी या म्हणाला. स्टँडवर झोपलो. दुसऱ्या दिवशी शिक्का मारलेली नक्कल हातात पडली. व्हरांड्यात उभा राहून वाचली. बोट ठेवून. एकदा, दोनदा, तीनदा.

उद्देश, कलम पहिलं. गावाच्या अडचणी सरकारदरबारी मांडून त्यांची दाद लावून घेणे.

नियम, कलम नववं. मंडळ कोणत्याही पक्षाचा अथवा उमेदवाराचा प्रचार करणार नाही; मंडळाची जागा त्याकरिता देणार नाही.

खाली सह्या. पहिली भाऊसाहेबांची.

मी आत जाऊन कारकुनाला विचारलं, बांधासाठी अर्ज करणं हे राजकारण होतं का? त्याने चष्म्यावरून बघितलं. "बांध मागा, रस्ता मागा, कायदा चुकीचा वाटला तर तसंही लिहा. मंडळ त्यासाठीच काढलंय, इथेच लिहिलंय. मतं मागू नका म्हणजे झालं." मग थांबून म्हणाला, "तक्रार करणार असाल तर विचार करून करा. चौकशी लागली की पहिलं कुलूप वाचनालयाला बसतं. माणसांना नाही."

मी विचार केला. चहा पिता येईल तेवढा वेळ. मग तक्रार लिहिली, खाली नाव लिहिलं, पोच घेतली.

तोवर मतदान होऊन गेलं. साहेब निवडून आले. नोटीस गावात पोचली त्या आठवड्यात भाऊसाहेब माझ्या घरापुढच्या खळ्यात आले. आयुष्यात पहिल्यांदा खालच्या वाडीत. नाकाला रुमाल. मी बडवणीला बसलो होतो. उठलो नाही.

"माडार चढणाऱ्याचो झील कायदो वाचूक लागलो," ते म्हणाले. पण हसून. आज लाडीगोडीचा दिवस होता. "ऐक. साहेबांशी बोललंय. पावसाच्या आधी बांध घालून देतत. तू ती तक्रार मागे घे. कामाक सुरवात होयत तेव्हा वाडीन साहेबांका एक हार घालूचो, बस. नि पुढच्या सभेक तू आत बाकार बस. कमिटीत घेतंय तुका."

मी सौदा ओळखतो. हा चांगला सौदा होता. मी काथ्या बाजूला ठेवला.

"अर्ज मंडळाच्या कागदार जातलो?"

"कागद कित्याक? मी शब्द देतंय मां."

"कागद."

"अरे, तुका बांध होयो की कागद होयो?"

"दोन्ही."

रुमाल खाली आला. चेहरा दिसला. "वाडी तुका जिवंत ठेवची नाय. पाऊस तोंडार इलो हा."

"ठेवांदेत नायतर मारांदेत. माझ्या हक्काचा काम तुमच्या साहेबाच्या उपकारात बसवूचा नाय. कलम नऊ तुमीच लिवलास. खाली सही तुमची. तक्रार मागे घेवचंय नाय."

ते गेले. जाताना वाळत घातलेल्या काथ्यावरून चालत गेले. बाजूने वाट होती.

वाडीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. लपवलं नाही. कुणी म्हणालं, बरं केलंस. बहुतेकांनी शिव्या दिल्या. त्यांचं चूक नाही. भात त्यांचंही जाणार होतं.

बायको म्हणाली, "अवो, औंदा पण भात पिकूचा नाय. वर वाचनालय बंद पडला तर पोरांका पेपर खंय गावतलो? गाव तुमच्या नावान बोटां मोडतलो."

"मोडूंदेत."

तिला पटलं नाही. घागर घेऊन ती चढणीला लागली.

साहेबांच्या हातून बांध घेतला असता तर तो एकदाच मिळाला असता आणि त्याची किंमत माझ्या पोरांनी, त्यांच्या पोरांनी, दर पाच वर्षांनी मोजली असती. मी इतका महाग माल घेत नाही.

वाचनालयाला कुलूप लागलं. बांध त्या पावसाळ्यात झाला नाही. पाणी आलं. बांधाचा अर्ज कलेक्टर कचेरीला माझ्या नावाने गेला, पोच आली, पुढे काही नाही. दुसरा गेला. तिसरा मी आता लिहितो आहे. चौकशीची तारीख लागली आहे. भाऊसाहेब वकील घेऊन येणार आहेत. मी नक्कल घेऊन जाणार आहे. तिथे मला विचारतील, मंडळ बुडवायचं आहे का? मी सांगणार आहे, कलम एक पाळा आणि कलम नऊ पाळा. पाळायचं नसेल तर बुडू दे. बांध मी सरकारकडून घेईन, माझ्या सहीने, कुणाच्याही पाया न पडता. त्याला दहा पावसाळे लागले तरी मी अकरावा अर्ज लिहीन.