रीळ बदलेपर्यंतचं तत्त्वज्ञान

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, माझ्या माहितीतले सर्वांत मोठे तत्त्वज्ञ मुरुम गावच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये सिनेमाची रिळं बदलत असत. ही घोषणा ते हयात असताना व्हायला हवी होती. माझ्यामुळं राहिली.

त्यांना सगळे ऑपरेटर अण्णा म्हणत. टॉकीजला मशीन एकच. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत पडदा कोरा. इतर गावांत अशा वेळी पब्लिक खुर्च्या आपटायचं. मुरुमला अण्णा रीळ ओवता ओवता, दोरीनं गळ्यात अडकवलेल्या माइकवरून प्रश्न टाकायचे.

"जत्रंत दोन भाऊ हरवले. एकाला फौजदारानं सांभाळलं, एकाला चोरानं. त्या गर्दीत फौजदाराच्या हाताला दुसरं लेकरू लागलं असतं तर? मग आत्ता टाळ्या कुणाला वाजवल्या तुम्ही?"

गाव कर्नाटकच्या सीमेजवळचं, म्हणून लगेच तोच प्रश्न कन्नडमधून. मग जो गोंधळ उडायचा! "माणूस मुळातच वाईट असतो, अण्णा!" "न्हाय, संगतीनं बिघडतो!" एकदा बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आईनं हात सोडलाच कशाला म्हणते मी!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "सोडला न्हाय बाई, सुटला. दोन्हीत लई फरक हाय."

मग कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, आधी रीळ लावा!"

सिनेमा आठवडाभर चालला तर अण्णा रोज, प्रत्येक खेळाला, हिरोच्या मरणावर रडायचे. मी एकदा छेडलं, "अण्णा, तो मरणार हे तुम्हाला पाठ आहे की!" उपरण्यानं नाक पुसत ते म्हणाले, "पाठ तर समद्यांचंच हाय. म्हणून कुणी रडायचं थांबतंय व्हय?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्गात तत्त्वज्ञान वाचायचो आणि ते समजून घ्यायला मॅटिनीला जायचो. पुढं मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झालो. दोन भावांच्या त्या प्रश्नावर मी निबंध लिहिला, गावोगाव व्याख्यानं दिली. अण्णांचा आवाज, हातवारे, प्रश्न टाकून गप्प राहण्याची लकब, सगळं उचललं. नाव तेवढं उचललं नाही. सभागृहं टाळ्यांनी दणाणायची आणि मी, नाटक्या माणूस, मान झुकवून त्या स्वीकारायचो.

टॉकीज कधीच बंद पडलं होतं. अण्णा उमरग्याला मुलाकडं राहायचे. मुलाचं हायवेला टायरचं दुकान. गिऱ्हाइकांनाही अण्णा प्रश्न विचारत आणि मुलगा चारचौघांत म्हणे, "म्हाताऱ्याकडं लक्ष देऊ नका, जन्मभर बडबडच केली."

त्याच उमरग्याच्या एका महाविद्यालयात माझं व्याख्यान ठरलं. विषय : लोकप्रिय सिनेमातलं तत्त्वज्ञान. आदल्या दिवशी अण्णांचा फोन. एके काळी मला 'ए पोरा' म्हणणारे अण्णा म्हणाले, "सर, उद्या पोराला घेऊन येतोय. ती दोन भावांची गोष्ट सांगणार न्हवं? त्याला एकदा कळू द्या, बाप नुसता बडबडत नव्हता."

"या की," मी म्हणालो.

दोघं तिसऱ्या रांगेत बसले होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. व्याख्यान झकास रंगलं. शेवटी पहिल्या रांगेतले, पुण्याहून आलेले एक मोठे प्राध्यापक उठले. "अप्रतिम! पण हा दोन भावांचा प्रश्न मूळचा कुणाचा?"

अण्णा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मुलानंही मोबाइलमधून मान वर केली. मला फक्त बोट दाखवायचं होतं. पण मनात आलं, एवढ्या विद्वानापुढं रिळं बदलणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं? आणि इतकी वर्षं का घेतलं नाही, असं विचारलं तर?

"एका जर्मन विचारवंताचा," मी म्हणालो. असा कुणी जर्मन नव्हता. मी तो तिथं, उभ्या उभ्या जन्माला घातला.

पुण्याचे प्राध्यापक मान डोलावून बसले. मुलानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. माझी नजर अण्णांकडं जाईना. ते चिडतील, उठून जातील, भर सभेत माझी लाज काढतील, असं वाटलं. तसं झालं असतं तर आज बरं वाटलं असतं. अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली, पण त्यांचा त्या वेळचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो आनंदानं फुलला होता. त्यांनी मुलाच्या मांडीवर थाप मारली आणि सगळं सभागृह वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ते बोलून गेले,

"ऐकलंस का रं? त्या जर्मनालाबी माझ्यासारखंच सुचलंय!"