मागचा नांगर

सोलापूरच्या माणसाला समुद्रातलं काय कळणार, असं भवानी पेठेत आजही माझी चेष्टा होते. मी पंधरा वर्षं नौदलाच्या लँडिंग क्राफ्टवर काढली. सपाट तळाचं जहाज, धक्का नसलेल्या बेटावर थेट वाळूत चढणारं. पुढचं दार पाडलं की ट्रक सरळ उतरतात. पण परत निघायची सोय जातानाच करावी लागते. किनारा लांब असतानाच मागून नांगर टाकायचा, त्याची तार सोडत पुढं जायचं, आणि निघताना त्याच तारेवर जहाज मागं ओढून घ्यायचं.

त्या दिवशी नांगराची तार धरून ठेवणाऱ्या ब्रेकवर मी होतो. नांगर सोडायचा वरचा हुकूम ओरडून माझ्यापर्यंत पोचवायचं काम माझ्या मित्राचं, सोलापूरजवळच्याच मंद्रूप गावचा तो. त्याची हाक मी ऐकली. पण मी किनाऱ्यावरची माणसं बघत राहिलो आणि नांगर उशिरा सोडला, फार जवळ. निघताना तो वाळूतून नुसता घसरत आला. ओहोटीत जहाज खडकावर बसलं, तळाला चीर गेली.

चौकशीत मी म्हणालो, "हाक आलीच नाही." इतक्या ठामपणे म्हणालो, की तोच गोंधळला. त्याची बढती थांबली. पुढं नोकरी सोडून तो गावी आला.

वीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी मंद्रूपला गेलो. तो शेळ्यांना पाला टाकत होता.

"ये की ॲडमिरल! वाट चुकला व्हय?"

मी बसलो नाही. "तू हाक मारली होतीस. मी ऐकली होती. मी खोटं बोललो."

आता शिवी येणार, असं मला वाटलं.

"म्हंजी, मी वरडलो हुतो?"

"दोनदा."

तो खालीच बसला. "लेका, मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय. घराला कुलूप लावलं तरी चारदा माघारी येतो बघायला. बायको हसती."

हे मला माहीत नव्हतं. बढती गेली एवढंच मी धरून होतो.

त्यानं बायकोला हाक मारली. "ह्यो काय सांगतोय ऐक." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"लई उशीर केला की भाऊजी," एवढंच ती म्हणाली.

तो मला स्टँडवर सोडायला निघाला. शेळ्यांच्या वाड्याची कडी लावली. दहा पावलांवर थांबला, मागं वळू लागला.

"लावलीस," मी म्हणालो. "मी बघितलंय."

"व्हय," तो म्हणाला, आणि चालू लागला.