काठोकाठ प्याला

यिन घराण्याची थोरली सून पेइयू हिला कुणी विचारलं, तुझ्या आयुष्यातलं मोठं दुःख कोणतं, तर ती नवरा गेल्याचं सांगायची. ते खोटं होतं. तिचं खरं दुःख म्हणजे धाकटी जाऊ लानशियांग.

दुखणं जुनंच. आमच्या बाय जमातीत लग्नाला आलेले पाहुणे नवरीला चिमटे काढतात. जितके चिमटे, तितकं भाग्य. पेइयूच्या लग्नात तिच्या दंडांवर सतरा वळ उठले होते. तिने मोजले होते. नऊ वर्षांनी लानशियांग नवरी होऊन आली, तेव्हा तिचे दंड पाहुण्यांनी असे काळेनिळे केले की मोजायची सोयच उरली नाही. पेइयूने थोरलेपणाने त्यांवर तेल चोळलं आणि चोळता चोळता आपलाही एक चिमटा काढला. तो काही शुभ नव्हता.

पण चहा मात्र पेइयूचा. सासूबाईंनी ती विद्या तिला एकटीलाच दिली होती. मुठीएवढं मातीचं बोळकं निखाऱ्यांवर तापवायचं, त्यात पत्ती टाकायची आणि शंभर वेळा हलवायची. पत्ती पिवळी पडून खमंग वास सुटला की उकळतं पाणी ओतायचं. तेव्हा बोळक्यातून जो गडगडाट उठतो, त्यावरून गाव बाईची पारख करतं. पेइयूचा गडगडाट तीन अंगणं ओलांडून जायचा. एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात पाहुण्यांना आधी कडू, मग गोड आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा असे तिन्ही चहा तिनेच पाजले होते.

लानशियांग नवऱ्याच्या नोकरीपायी दूर कुनमिंग शहरात गेली होती, ती दोन वर्षांपूर्वी विधवा होऊन परत आली. पेइयू तिच्या गळ्यात पडून रडली, आठ दिवस तिला जेवण पोचवलं. नवव्या दिवशी लानशियांगने शेजाऱ्यांसाठी चहा भाजला आणि पेइयूच्या घरापर्यंत तो गडगडाट आला. पेइयूने अंगणं मोजली. चार होती.

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषयच नाही. लानशियांग बोळक्याकडे बघतसुद्धा नाही म्हणे, नुसत्या वासावर भाजते. मान वर करून पाहुण्यांशी हसत असते आणि पत्ती तर कधी करपत नाही. चहा ओतताना तिचे ओठ हलतात. ग्रामदेवाचं नाव घेऊन ओतते, म्हणूनच इतका गोड लागतो!

“नाटकं!” पेइयू म्हणायची. “देवाचं नाव घेते आणि थोरल्या जावेला गल्लीत ओळख देत नाही. काल समोरून गेली, हाताच्या अंतरावरून. मी खांबासारखी उभी! कुनमिंगचं वारं लागलंय बाईला.”

मग नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं. नणंद च्याओयुन साखर-गुळाचं पुडकं घेऊन आमंत्रणाला आली, बसली, गुडघे चोळू लागली. तेवढ्यावरून पेइयूने ताडलं, हिला काहीतरी अवघड बोलायचंय.

“मोठ्या वहिनी, तुम्ही किती वर्षं राबलात. या लग्नात तुम्ही मानाच्या खुर्चीत बसायचं. चहाचं धाकट्या वहिनी बघतील.”

“म्हणजे माझा हात मोडला का?”

“तसं नाही हो. नवरीकडच्यांनीच विचारलं, त्या न बघता भाजणाऱ्या बाई आहेत ना, म्हणून.”

पेइयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं डोळे फाडफाडून बघत भाजलं, त्याची ही किंमत! पण नणंदेपुढे रडायचं नाही, हा तिचा नेम होता.

“बसेन की खुर्चीत,” ती म्हणाली. “पण थोरली म्हणून बसवता ना? मग मी सासूबाईंच्या प्याल्यातूनच पिणार. तुमच्या त्या नव्या प्याल्यांना मी तोंड लावायची नाही.”

सासूबाईंचा प्याला म्हणजे चिमणीने अंघोळ करावी एवढा. पण तो हातात असला की घरात थोरलं कोण, हे सांगावं लागत नाही.

लग्नाच्या दिवशी अंगणात निखारे फुलले. कुणीतरी रिवाजाप्रमाणे त्यांत सुक्या मिरच्या टाकून पाहुण्यांना ठसकवलं, हशा झाला, नवरीला चिमटे बसले. मग लानशियांगने बोळकं हलवायला घेतलं. खरंच, ती खाली बघत नव्हती. पाणी पडलं आणि असा गडगडाट झाला की नवरीकडचा एक म्हातारा टाळ्या पिटू लागला. पेइयूला ते चांगलंच झोंबलं.

नवरदेव एकेक पाहुण्याचं नाव घेऊन प्याला पुढे धरत होता, लानशियांग ओतत होती. अर्ध्याच्या वर थेंब नाही. दारू काठोकाठ भरली तर मान, चहा काठोकाठ भरला तर ‘ऊठ, चालता हो’, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

“मोठ्या मामी,” नवरदेव म्हणाला आणि त्याने सासूबाईंचा प्याला धरला.

लानशियांगने ओतलं. चहा अर्ध्यावर आला, वर चढला, काठाला टेकला, तेव्हा कुठे ती थांबली. अंगणातलं हसणं एकदम बंद पडलं.

“अगं बाई!” च्याओयुन कुजबुजली. “भर लग्नात?”

पेइयूला आधी झाला तो आनंद. दोन वर्षं देवाकडे मागितलेलं आयतं दारात आलं होतं. आता नुसतं उठायचं आणि फाटकाबाहेर पडायचं. अर्धं गाव मागे येईल आणि लानशियांगला जन्मात कुणी बोळक्याला हात लावू देणार नाही. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

लानशियांग तशीच मान वर करून हसत होती. गप्प झालेल्या अंगणाकडे कान लावून, काय झालं ते शोधत होती. तिच्या पुढ्यात काठोकाठ प्याला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

पेइयू चहावाली बाई होती. तिला उमगायला वेळ लागला नाही. ओठ चार वेळा हलायचे. ते देवाचं नाव नव्हतं, ती मोजत होती. नव्या प्याल्यात चार म्हणजे अर्धा. सासूबाईंच्या चिमुकल्यात चार म्हणजे काठोकाठ. गल्लीतली न दिलेली ओळख आठवली आणि पेइयूला आपलीच लाज वाटली. हा प्याला मागितला कुणी? तिनेच.

‘हिला दिसत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी अपमान धुऊन निघाला असता आणि बोळकंही परत मिळालं असतं. वाक्य ओठांवर आलं होतं.

“बघताय काय सगळे?” पेइयू ओरडली. “मीच सांगितलं होतं हिला. म्हटलं, सासूबाईंचा प्याला थेंबाएवढा, अर्धा भरलास तर घसा ओला व्हायचा नाही. भर काठोकाठ!” आणि तिने दोन्ही हातांनी प्याला उचलून तो कडू, पोळता चहा एका दमात पिऊन टाकला. जीभ भाजली. त्याहून वाईट म्हणजे चहा चांगला होता. तिच्यापेक्षा चांगला.

दुसऱ्या चहासाठी अक्रोड आणि दुधाच्या वाळवलेल्या पापड्या चिरायच्या निमित्ताने ती निखाऱ्यांपाशी जाऊन बसली.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

लानशियांगचं हसू गेलं. “कुनमिंगपासून. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही म्हणाले. जाऊबाई, पाया पडते, बोलू नका. पोराला कळलं तर तो शहरात त्याच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी नेऊन ठेवेल मला. तिथे निखारा पेटवता येत नाही.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बोळकं काढून घेतलं असतंत.”

ते खरं होतं. पेइयूने अक्रोड चिरायला घेतले.

“माझ्या प्याल्याला दोनच,” ती म्हणाली. “आणि तिकडे नको बघूस, नवरीची आई या बाजूला आहे. हास इकडे.”

तेव्हापासून गावातल्या लग्नांत दोघी जावा निखाऱ्यांपाशी शेजारी शेजारी बसतात. लानशियांग भाजते आणि ओतते, पेइयू प्याले मांडते आणि खोकल्याचं निमित्त करून आकडा सांगते. लोक म्हणतात, जावा असाव्यात तर अशा. आणि मग म्हणतात, न बघता भाजणं म्हणजे काय साधं आहे?

पेइयू ऐकून घेते. रात्री घरी दार लावून ती कधी कधी आपलं जुनं बोळकं काढते, डोळे घट्ट मिटते आणि पत्ती भाजून बघते. दर वेळी करपते.