मांडावरची रिकामी जागा

तुमच्या मासिकात लोक भुताखेतांचं लिहितात ते मी आजवर दात काढत वाचत आलोय. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला वाटेत चकवा लागतो... 'अरे, पोट साफ नसेल तुझं' असं तोंडावर म्हणणारा मी माणूस. स्वभावच तिखट, काय करणार! पंधरा वर्षं बैलगाडीनं जंगलातून लाकूड ओढलं, वाघ दोनदा पाहिला, अस्वल एकदा. भूत काही भेटलं नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण एका गोष्टीचं उत्तर मला सापडलेलं नाही आणि ते मनातून जात नाही. माझ्या अक्काला वाचता येत नाही ते बरंच आहे. कुणी तिला वाचून दाखवू नका, एवढीच विनंती.

जर्मनीच्या लढाईच्या आधीची गोष्ट. आम्ही खानापूरकडचे. माझी गाडी जोयड्याच्या रानातून कॅसलरॉकच्या स्टेशनापर्यंत लाकडाच्या खेपा करायची. शिमग्यात मात्र रानातलं सगळं काम बंद. तिकडच्या कुणब्यांचा शिमग्याचा नाच चौकोनी असतो असं मी घरी येऊन सांगितलेलं — चार बाजूंना दोन-दोन गडी, हातात टिपऱ्या, ढोलावर जागा बदलत चौक फिरवायचा. हे ऐकल्यापासून आमच्या दाजींनी माझ्या मागं भुणभुण लावली. दाजी म्हणजे अक्काचा नवरा, मारुती. नाचाचं भारी वेड. हलगी वाजली की ताटावरून उठून जाणारा माणूस!

अक्काला तेव्हा सहावा महिना होता, पहिलंच बाळंतपण. निघताना ती गाडीपाशी आली.

"बाबू, ह्यास्नी नाच दिसला की जगाचं भान ऱ्हात न्हाई. तू न्हेतोयस, तूच आणून सोड."

"अगं, तुझा नवरा काय कुकुलं बाळ हाय व्हय?"

"हायच. म्हणून तर तुला सांगाय लागलीया."

मी, दाजी आणि माझा दोस्त शिवाप्पा, असे तिघं. गाडीवर तट्ट्याचं छप्पर बांधलं, खाली भाताचं काड पसरून वर घोंगडी टाकली, तांदळाचं गाठोडं, मडकी, तवा, सगळं बिऱ्हाड आत. बैल सोडले की तीन धोंडे मांडून चूल पेटवायची, भाकरी थापायची आणि तिथंच पडायचं. दाजी करपलेल्या भाकऱ्या भाजायचे आणि शिवाप्पा म्हणायचा, "दाजी, ह्या भाकरीची टिपरी करा की!" चार दिवस नुसता हशा. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

बाजारकुणंगच्या पुढं दिग्गीच्या वाटेवर एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं राहतात. पंधरा-वीस घरं, देवाच्या पुढ्यात शेणानं सारवलेलं मोकळं अंगण. त्याला ते मांड म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, आणि नाच नुकताच सुरू झाला होता. तीन बाजूंना दोन-दोन गडी होते, आमच्याकडच्या बाजूला मात्र एकटाच. सात जण नाचत होते! चौक फिरत त्या रिकाम्या जागेपाशी आला की शेजारचा गडी टिपरी पुढं करायचा, हवेत मारायचा आणि सरकायचा. कुणी हसत नव्हतं. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आमच्याकडची रीत वेगळी. खेळात गडी कमी पडला आणि पाहुणा नुसता बघत उभा राहिला, तर लोक म्हणतात, हा फक्त जेवायला आलाय. पाहुण्यानं कंबर बांधून उभं राहायचं, तोच मान. म्हणून मी दाजींना ढोसलं.

"जावा की दाजी! गडी कमी हाय त्यांचा. खानापूरची लाज राखा!"

"मला त्यांचा चौक कुठं येतोय रं?"

"ईल की. न्हाईतर उगंच अक्कापुढं बढाया मारता व्हय?"

मांडाच्या कडेला टिपऱ्यांची एक जोडी ठेवलेली होती. ती मीच उचलून त्यांच्या हातात दिली. मीच. दाजी हसत आत गेले आणि रिकाम्या जागेवर उभे राहिले.

ढोल थांबला नाही. चौक पुरा झाल्याशिवाय तो थांबवायचा नसतो, हे नंतर कळलं. पण बाकीच्या सात जणांचे चेहरे उतरले. आणि दाजी... आमच्याकडे टिपरी उजव्या हातानं सुरू होते, तिथं डाव्या. दाजींनी पहिली टिपरी डावीच मारली. एकदाही चुकले नाहीत. गाणं कोकणीत होतं, त्यांचे ओठ त्याबरोबर हलत होते. शिवाप्पा खूश होऊन म्हणाला, "काय उचललं बघ लगीच!" मलाही तसंच वाटलं.

एवढ्यात वाडीचा बुधवंत माझ्याजवळ आला. त्यांच्यात प्रमुखाला बुधवंत म्हणतात. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला.

"हाका कोणें उबो केलो?" याला उभा कुणी केला, असं त्यानं विचारलं.

"मी. का? काय चुकलं?"

मग त्यानं मोडक्या मराठीत सांगितलं. प्रत्येक जागा एकेका घराची. ज्या घरचा गडी वर्षात मेला, त्याची जागा त्या शिमग्यात रिकामी ठेवायची. तो आपला शेवटचा नाच नाचून जातो. ही सोमा नावाच्या पोराची जागा, पावसाळ्यात तापानं गेला. वाडीतल्या शेवटच्या घरच्या म्हातारीचा एकुलता एक. टिपऱ्याही त्याच्याच.

मला रागच आला. "आदी सांगायचं न्हाई व्हय? आमास्नी काय सपान पडतंय?"

चौक पुरा झाला. दाजी आमच्याकडे आले नाहीत. टिपऱ्या काखेत मारून मांडाच्या मागच्या पायवाटेनं चढू लागले. "दाजी! अवो दाजी!" मी ओरडत मागं. त्यांनी मान वळवली नाही. वाडीचं शेवटचं घर आलं तसं त्यांनी चालता चालता डोकं खाली घातलं. छपराचा एक वासा तिथं पुढं आला होता, माझ्या कपाळाला तो सणकन लागला. दाजींनी टिपऱ्या गवती छपरात खोचल्या आणि ओट्यावर बसून हाक मारली, "आये, उदक दी."

म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुणा पाणी मागतोय, एवढंच तिला वाटलं असणार. आम्हा गाडीवाल्यांना कोकणीचे चार शब्द येतातच, वाटेत दाजींनी ते माझ्याकडून उचलले असतील, तेव्हा मी अजून घाबरलो नव्हतो. मग दाजींनी विचारलं, "तांबडी व्याली?"

म्हातारीनं चमकून गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात तांबडी गाय होती, पायाशी वासरू. बुधवंत मला हळूच म्हणाला, सोमा गेला तेव्हा गाय गाभण होती. आता हे दाजींना कुणी सांगितलं?

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. आनंद होता तो. सात-आठ महिन्यांनी पोरगा घरी आला होता तिचा! ती तांब्या पुढं करणार, तोच बुधवंत ओरडला. उदक दिलंस तर राहील तो, असं काहीसं. तिचा हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हो कोण?" हा कोण, असं तिनं विचारलं.

"माज्या अक्काचा नवरा, आजी," मी म्हणालो. "अक्का घरी वाट बघतीया. पोटुशी हाय."

"कितवो म्हयनो?"

"सहावा."

म्हातारीनं डोळे मिटले. तांब्या तिरपा केला आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं.

"आये, तान लागल्या," दाजी म्हणाले. तहान लागलीय. लहान पोरासारखा आवाज.

"तूं म्हजो न्हंय," म्हातारी म्हणाली. "वच." तू माझा नव्हेस, जा.

"आये..."

"वच!" ती किंचाळली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. तोंडात पदर कोंबला असावा. दाजी उठून बंद दारासमोर उन्हात उभे राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग एकदम खाली बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाबू, लई तान लागली रं. पाणी दे की."

टिपऱ्या हातात घेतल्यानंतरचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी आणि शिवाप्पानं त्यांना धरून गाडीत घातलं आणि बैल असे हाणले की सांगायची सोय नाही. घरी सुखरूप आणून सोडलं. अक्काला काही सांगितलं नाही. तिला मुलगा झाला. एका डॉक्टरला मी आडून विचारलं, तो म्हणाला उन्हाचा झटका. मी म्हटलं, बघा, हेच ते! गायीचं काय, अंदाज लागला असेल. वाशाचं काय, दिसला असेल. मनाची समजूत घालायला माणसाला किती लागतं?

श्रावणातल्या एका सोमवारी दाजी सकाळी न्हाव्याकडे गेले आणि डोकं आणि मिशा साफ उतरवून आले. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली आणि सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची आई जात्यावर बसली होती. तिनं मुलाचं डोकं पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं.

"आरं मी जित्ती हाय की रं! कुणाचं सुतक पाळतोयस मुडद्या?"

"आई गेली," दाजी म्हणाले. तिच्यासमोर.

त्या माउलीनं चार दिवस अन्न घेतलं नाही. अक्का तान्हं पोर मांडीवर घेऊन नुसती रडत होती. दाजींना कितीही विचारलं तरी एकच उत्तर — "मला ठावं न्हाई. करावं वाटलं." दहा दिवस ते अळणी जेवले. मग पूर्ववत झाले आणि पुढं सतरा वर्षं नीट संसार केला. नाचले मात्र कधी नाहीत.

दसरा झाल्यावर रस्ते सुकले तसा मी एक लुगडं घेऊन त्या वाडीला गेलो. का, ते विचारू नका. शेवटच्या घराच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती. बुधवंतानं सांगितलं, म्हातारी श्रावणात गेली, सोमवारी पहाटे. मी दोनदा विचारून खात्री केली. तोच सोमवार. पावसानं वाट बंद होती, महिनाभर वाडीत कुणी आलं नव्हतं, वाडीबाहेर गेलं नव्हतं. मग दाजींपर्यंत निरोप कुणी आणला?

शेवटी बायका तिच्या तोंडात पाणी घालायला गेल्या तर तिनं ओठ मिटून घेतले म्हणे. पोराला दिलं नाही, मला कशाला, असं म्हणाली.

मी ही गोष्ट सगळ्या बाजूंनी उलटीपालटी करून पाहिली. गाय, वासा, डावी टिपरी, सगळ्याला काही ना काही कारण शोधलं. त्या सोमवाराला सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर कळवा, मी तोंडावर मूर्ख म्हणणार नाही. लुगडं मी बुधवंताच्या सुनेला दिलं आणि परत फिरलो. अर्ध्या वाटेत आल्यावर लक्षात आलं... जिनं माझ्या अक्काचा संसार राखला, तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.