दादाची सही

बहिणीच्या नवऱ्याला जामीन मिळणार नाही, याची मला पक्की खात्री होती. इतकी, की त्या दिवशी शाळेत मी अर्धीच रजा टाकली. म्हटलं, दुपारच्या तासांना येईन परत. वेडीच मी!

गुन्हा काही लहान नव्हता. त्याने माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता, तेही दादाच्या देखत. दादा आमचा थोरला भाऊ, सिन्नरजवळच्या गावी असतो. त्यांचं भांडण मिटवायला तोच गेला होता. तिला उचलून दवाखान्यात त्यानेच आणलं आणि पोलिसांत फिर्यादही त्यानेच दिली. टाके निघाल्यापासून धाकटी गंगापूर रोडला माझ्याकडे आहे. जिन्यात पाऊल वाजलं तरी तिचा घास हातातच राहायचा. "ताई, तो सुटणार नाही ना गं?" हे दिवसातून दहा वेळा. मीही ठणकावून सांगायचे, "सुटेल कसा? दादा आहे ना!"

सरकारी वकील बाईंनी मला कोर्टाच्या व्हरांड्यात नीट समजावलं होतं. गुन्हा गंभीर असेल आणि आरोपी बाहेर येऊन साक्षीदारांवर दबाव आणेल अशी भीती असेल, तर कोर्ट जामीन नाकारू शकतं. "पण नुसती भीती वाटते म्हणून भागत नाही," त्या म्हणाल्या, "काहीतरी दाखवावं लागतं." दबावाचं आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं, पण डोळ्यांनी बघणाऱ्या दादाची फिर्याद होती, म्हणून मी निर्धास्त.

मग सुनावणीत आरोपीच्या वकिलाने एक कागद पुढे केला. फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र. बहीण पायरीवरून पडली, मी रागाच्या भरात तक्रार दिली, जामिनाला माझी हरकत नाही. खाली दादाची सही. वडील गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर तो करायचा, तीच.

दादा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, शेजारी आरोपीचे वडील. मी तिथेच ओरडणार होते. वकील बाईंनी माझा हात दाबून धरला.

आमच्या घरात साटंलोटं झालंय. धाकटीला ज्या घरात दिली, त्याच घरची मुलगी त्याच मांडवात दादाला केली. म्हणजे माझी वहिनी आरोपीची सख्खी बहीण. हे काय मला माहीत नव्हतं? पण पाठच्या बहिणीचं रक्त ज्याच्या सदऱ्याला लागलं, तो असं करेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

न्यायाधीशांनी दादाला पुढे बोलावलं.

"हे वाचलंय का तुम्ही?"

"नाय साहेब. सही केली नुसती."

"कुठे केलीत?"

दादाने एकदा मागे बघितलं. "सासऱ्यांच्या घरी. बोलावून घेतलं व्हतं. सही नाय केली तर पोरीला नांदायला धाडणार नाय म्हनले. दोन लेकरं हायेत, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. आरोपी आत असताना फिर्यादीची ही गत, मग तो बाहेर आल्यावर काय होईल, असं त्यांनी त्याच्या वकिलालाच विचारलं. आणि अर्ज फेटाळला.

व्हरांड्यात मी दादाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "तिला नको सांगू." आणि सासऱ्याच्या मागे मागे स्टँडकडे चालू लागला. मला इतकी चीड आली! काय म्हणून नको सांगू?

घरी धाकटी दारातच उभी होती. जामीन नाही मिळाला म्हटल्यावर रडली, मग डोळे पुसून तिने विचारलं, "दादा आला होता?"

"आला होता."

"बोलला का काही?"

"साहेबांनी विचारलं, तो बोलला. म्हणूनच अर्ज फेटाळला."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. किती आठवड्यांनी ती हसली.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "ताई, रविवारी त्याला जेवायला बोलव ना. शेंगोळे कर. लय आवडतात त्याला."