तिच्या वडिलांना लिहिलेलं पत्र

मुलांनो, तुमचे बाबा कंपनीच्या कामासाठी परदेशात, तुम्ही आता राहता तिकडे गेले आणि विश्रांतवाडीच्या घरातली त्यांची खोली रिकामी झाली. त्या वर्षांत आयटीच्या कंपन्या आणि कॉम्प्युटरचे क्लास इतके वाढले होते की खोली मिळेल का म्हणून दर दोन दिवसांनी कोणीतरी बेल वाजवायचं. शेवटी मी पेइंग गेस्ट मुली ठेवायला सुरुवात केली.

आयुष्यभर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे एक सवय अंगात मुरली होती. दर सहा महिन्यांनी मी प्रत्येक मुलीच्या घरी इंग्रजीत एक पत्र पाठवत असे. तब्येत, जेवण, अभ्यास, वागणूक. तुमचे आजोबा म्हणायचे, "भाडं घेतेस ते घेतेस, वर प्रगतिपुस्तकही पाठवतेस." पालक खूश असायचे. मुलींना या पत्रांबद्दल सांगायचं मला कधी सुचलं नाही. शाळेत तरी आम्ही मुलांना विचारून शेरे कुठे लिहीत होतो?

जिच्याबद्दल हे लिहितेय, ती मुलगी परदेशातून कॉम्प्युटर शिकायला आली होती. माझ्याकडे येण्याआधी तिला तीन घरांनी नाही म्हटलं होतं, कोणी पासपोर्ट बघून, कोणी धर्म विचारून. मला ते नवीन नव्हतं. लग्नानंतर मी आणि तुमचे आजोबा पुण्यात खोली शोधत होतो, तेव्हा लोक दारातच आडनाव विचारायचे, आणि आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की खोली नेमकी त्याच दिवशी सकाळी गेलेली असायची. म्हणून माझ्या घरात आडनाव, धर्म, कोण काय खातं, यांतलं काहीच विचारलं जात नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता.

नियम मात्र एक होता. मुलगे खोलीवर आणायचे नाहीत. तिने तो कधी मोडला नाही. तिची एकच मैत्रीण होती, तिच्याच क्लासमधली, बिबवेवाडीची. शनिवारी ती स्कूटीवरून यायची आणि रविवारी संध्याकाळी जायची. दोघी मिळून भात करायच्या, एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या. घरात हसण्याचा आवाज असायचा, तो मला आवडायचा.

सहा महिने झाले, तसं मी तिच्या वडिलांना लिहिलं. आपली मुलगी मुलांकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. तिची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, दोघी एकमेकींवाचून राहत नाहीत, लग्नच करायचं नाही असं दोघी म्हणतात. अशा वयात असा संयम क्वचित दिसतो. सोबत तुमच्या आजोबांनी गच्चीत काढलेला दोघींचा फोटो घातला. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर होतं, हात हातात होते. पत्र रजिस्टरने पाठवलं.

तीन आठवड्यांनी हॉलमधल्या फोनवर तिच्यासाठी घरून फोन आला. ती उभ्यानेच ऐकत राहिली. मग तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशीही उठली नाही. ताट दाराशी ठेवलं की तसंच परत येत होतं. मला वाटलं, घरी कोणी गेलं असावं.

तिसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 

"काकू, तुम्ही तिच्या वडिलांना आमचा फोटो पाठवलात?"

"हो. छान आलाय ना?"

मी चेष्टा करत नाहीये, हे तिला कळायला वेळ लागला. मग तिने सांगितलं. तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता. घरी नेल्यावर तिचं काय करायचं ते घरातले पुरुष ठरवणार होते, आणि त्या देशात कायदाही त्यांच्याच बाजूने होता. तिच्या एका चुलतबहिणीला असंच घरी नेलं होतं. त्यानंतर ती कोणाला दिसली नव्हती.

मी म्हटलं, अगं पण मी तर तुमचं कौतुक केलं. वाईट काहीच लिहिलं नाही.

"तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे, काकू," ती म्हणाली. "आमचं एकमेकींवर प्रेम आहे. तेच त्यांना कळलं."

मला दोन गोष्टी एकदम समजल्या, आणि दोन्ही पचेनात. पहिली कोणती ते तुम्ही ओळखलं असेल, तुमच्या पिढीला त्यात नवल वाटणार नाही. दुसरी अशी, की एका मुलीचा जीव मी स्वच्छ अक्षरात पाकिटात घालून पाठवला होता.

तिला आम्ही मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी मला बाहेर बसवलं. तासाभराने आत बोलावून सांगितलं, तिला जगावंसं वाटत नाहीये. एकटं सोडू नका, औषधं तुमच्या कपाटात ठेवा, आणि समजावायला जाऊ नका. आपल्याकडचा कायदाही तेव्हा अशा माणसांच्या बाजूने नव्हता, तरी बाईंनीच मार्ग दाखवला. परत गेल्यास जिवाला धोका असलेल्यांचे अर्ज घेणारं निर्वासितांचं एक कार्यालय दिल्लीत होतं. ती प्रवास करण्याइतकी सावरली, तसे तुमचे आजोबा आणि तिची मैत्रीण तिला घेऊन दिल्लीला गेले. घरातून निघताना तिने मला एवढंच म्हटलं, "आंटी, मला एकदा विचारलं असतं तर?"

चार दिवसांनी भाऊ दारात उभा राहिला. तरुण, नम्र, उत्तम इंग्रजी बोलणारा. त्याने पिस्त्यांचा डबा आणला होता. वडिलांच्या वतीने त्याने माझे आभार मानले. तुमच्यामुळे आम्हाला वेळेवर कळलं, म्हणाला. मी सांगितलं, ती खोली सोडून गेली, कुठे ते बोलली नाही. त्यावर त्याने खिशातून तो फोटो काढला आणि मैत्रिणीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. हिचा पत्ता? येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवायची माझी वही त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, टेबलावर होती.

"असल्या मुलींचे पत्ते मी ठेवत नाही," मी म्हटलं.

त्याने समजूतदारपणे मान हलवली. त्याला मी त्यांच्यातलीच एक वाटले असणार. ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं, याचा धक्का मला त्याच्या येण्यापेक्षा मोठा बसला. तो गेल्यावर वहीची पानं फाडली आणि बंबात घातली. पुन्हा कोणाच्या घरी पत्र लिहिलं नाही.

दिल्लीत तिची दोन वर्षं गेली, मग एका थंड देशाने तिला घेतलं. पुढे मैत्रीणही नोकरी मिळवून तिकडे गेली. गेल्या दिवाळीत त्या मुलीचा फोन आला, इतक्या वर्षांनी. औषधं अजून चालू आहेत, झोप बरी लागते, दोघींनी घर घेतलंय, म्हणाली. मी म्हटलं, छान. घर कुठे आहे ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.