ब्रेकवर न जाणारा पाय

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरकडच्या कर्जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवत होतो. टँकर दिसला की बाया हंडे घेऊन गाडीच्या समोरच धावत यायच्या. एका उतारावर अशाच आल्या. टँकर अर्धा रिकामा. अशा टँकरला ब्रेक मारला तरी आतलं पाणी मागून धक्का देतं. गाडी थांबली ती पहिल्या हंड्यापासून वीतभर अंतरावर. कुणाला ओरखडाही नाही.

पारावर मी सांगितलं, की मी ब्रेकवर उभाच राहिलो, स्टिअरिंग वाकलं, टायरच्या धुरानं अर्ध्या गावाला ठसका लागला. आठवड्यात वीतभराची दोन बोटं झाली आणि दहा बायांच्या साठ. पण मधल्या मधे एक घोटाळा झाला. गाडी थांबवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सीटवर बसलो, तर उजवा पाय ब्रेकवर जाईचना. नुसतं लाकूड. हाडाच्या डॉक्टरांनी हातोडीनं गुडघा ठोकला, तेव्हा मात्र टुणकन उडाला. ठेकेदार म्हणाला, "पंधरा दिवस बघतो. मग दुसरा ड्रायव्हर."

शेवटी मावशीनं मला नगरच्या एका मिशन दवाखान्यात नेलं. तिथं एक बाई होत्या, नगरच्याच, परदेशात शिकून आलेल्या. मनाचं दुखणं त्या अंगातून शोधायच्या. गोळी नाही, सुई नाही. खोलीत दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि भिंतीला टेकवलेला लोड.

मी गोष्ट सुरू केली. साठ बाया, धूर, वाकलेलं स्टिअरिंग. बाई माझ्या तोंडाकडं बघतच नव्हत्या, पायाकडं बघत होत्या.

"थांबा. आत्ता पायात काय होतंय?"

"पायात काय व्हायचंय? गोष्ट तर पुढंच हाय."

"गोष्ट राहू द्या. पाय सांगा."

"पोटरी आवळलीय. भिजल्या सुंभावानी."

"बरं. आता खिडकीतला लिंब बघा. सैल झाली की परत येऊ."

असं तासभर. चिमूटभर आठवायचं, अंगात काय झालं ते सांगायचं, लिंबाकडं बघत श्वास खाली उतरू द्यायचा, की परत चिमूटभर. मला वाटलं, या चालीनं उताराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पुढचा दुष्काळ येईल.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला सतरंजीवर झोपवलं आणि पाऊल लोडाला टेकवायला लावलं. "हळू दाबा. पाय आपणहून काही करू लागला तर अडवू नका."

दाबलं, आणि पाय थरथरू लागला. मावशी दाराच्या फटीतून बघतच होती. ती धावत आत आली, पिशवीतली हळद माझ्या कपाळाला फासली आणि हात जोडले. "अंगात आलं गं बया! आई, आमची म्हैस चार दिस झालं घावंना. कुठं हाय?"

अशी संधी मी सोडतो होय? डोकं घुमवलं, दंड उडवले आणि खोल आवाजात सांगितलं, "वड्याच्या पल्याड!" आमच्या गावात जनावर हरवायला ओढ्यापलीकडं सोडून दुसरी जागाच नव्हती. म्हैस तिथंच सापडली, आणि मावशी पुढं कित्येक वर्षं मला जरा बिचकूनच होती.

बाईंनी मात्र मावशीला पाणी दिलं, समजावलं, "मावशी, ही देवी नाही. दचकलेलं अंग मोकळं होतंय." मग माझ्याकडं वळल्या. "मघाची थरथर गुडघ्याखाली होती. हे दंड तुम्ही हलवलेत."

मावशी बाहेर गेली. मी पुन्हा पाऊल टेकवलं. या वेळी टाच लोडावरून सुटली आणि गुडघा उजवीकडं वळला. मी सरळ केला. पुन्हा उजवीकडं.

"तिकडं काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दार. ड्रायव्हरचं."

मग सांगितलं. उतारावर पाय आधी दाराकडं गेला होता. हातही दाराच्या मुठीवर होता. टँकर बायांवर सोडून मी उडी मारणार होतो. तिथून पाय ब्रेकवर कसा आला, ते मला आजही ठाऊक नाही.

बाई रागावल्या नाहीत. "पळायचं राहून गेलंय. पळा."

"झोपल्या झोपल्या?"

"झोपल्या झोपल्या."

सतरंजीवर टाचा आपटत मी पन्नासेक मैल, पार राहात्यापर्यंत पळालो असेन. मग रडू आलं. नाक गळालं. पाय गरम झाले, जड झाले. बऱ्याच वेळानं उजवा पाय लोडाला लागला आणि कुणी न सांगता त्यानं लोड दाबला.

ठेकेदाराच्या मुदतीच्या तेराव्या दिवशी मी टँकर घेऊन त्याच उताराच्या माथ्यावर आलो. खाली बाया. पोटरी थरथरू लागली, तिला थरथरू दिलं आणि ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. खाली चालत गेलो.

"बाजूला व्हा. त्या दिशी मी उडी टाकून पळनार हुतो."

एक म्हातारी हंडा खाली ठेवून पुढं आली. मग म्हणाली, "मंग आमी काय पूजा करत उभ्या हुतो? मी तर पळाले, नातीला सुदीक इसरले. जा बाबा, गाडी आन खाली. ऊन चढतंय."

बाया कडेला झाल्या. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये उतरवली. तीनदा ब्रेक मारायची वेळ आली. तिन्ही वेळा पाय बरोबर तिथं गेला.